वहिनींचा खण आणि दादाचे कान

वहिनींच्या घरी गेलं की चपला दाराशी आणि फोन टेबलावर, असा रिवाज आहे. फोन पालथा ठेवायचा नाही, उताणा ठेवायचा. पाण्याचा पेला समोर येण्याआधी त्या तो उचलतात, डॉक्टर जीभ बघतो तसा बघतात आणि विचारतात, "जागा किती उरलीय?" उत्तर ठाऊक नसलं तर नुसती मान हलवतात. मग पाहुणा चहा पितो आणि वहिनी त्याच्या फोनमधली अडगळ काढत बसतात. सुप्रभात म्हणणारी फुलं, एकाच नातवाचे एकसारखे फोटो, कधीकाळी खिशातल्या खिशात चुकून काढलेला अंधाराचा व्हिडिओ. चहा संपेपर्यंत फोन हलका झालेला असतो, आणि का कोण जाणे, पाहुणाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढतात. तिथं त्यांना सगळे 'सेटिंगबाई' म्हणतात. हे नाव ऐकून एकदा दादा म्हणाला होता, "आमचं सेटिंग एकदाच झालं, तेही वडीलधाऱ्यांनी केलं." वहिनींनी त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं, "म्हणूनच बिघडलं. हातानं केलं असतं तर नीट केलं असतं."

यंत्रांचा नाद कसा लागला ते त्या एकदाच बोलल्या आहेत. नोकरीच्या सुरुवातीला एक्स-रेची फिल्म अंधाऱ्या खोलीत रसायनात बुडवून ठेवावी लागे. बाहेर बाकावर कुणाचं तरी मूल कण्हत असायचं, आणि आत लाल दिव्याखाली वहिनी हाड उमटण्याची वाट बघत उभ्या. "त्या वाट बघण्याचा मला फार राग यायचा," म्हणाल्या. मग संगणकाला जोडलेलं नवं यंत्र आलं. बटण दाबलं की हाड पडद्यावर. बरोबरीची माणसं त्याला हात लावायला भ्यायची. वहिनी सुट्टीच्या दिवशीही जाऊन त्याच्यासमोर बसू लागल्या. तेव्हापासून बाजारात कुठलंही नवं यंत्र आलं, फोनमध्ये कुठलाही नवा प्रोग्रॅम आला, की त्यांच्या चेहऱ्यावर तीच चमक येते. कुणाचं तरी ताटकळणं आता कमी होणार, अशी.

माझंच सांगतो. बायको गेल्यानंतर संध्याकाळी छापखान्यातून घरी परतणं मला नकोसं व्हायचं. कुलूप, मग अंधार, मग अंधारात बटण चाचपणारा आपलाच हात. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो. एका रविवारी वरच्या मजल्यावरून वहिनी आल्या, बाहेरच्या खोलीतला दिवा काढून दुसरा लावला, माझ्या फोनवर काहीबाही केलं आणि दूध उतू जाईल म्हणून घाईनं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या वळणावर आलो तर माझी खिडकी उजळलेली. क्षणभर वाटलं, घरी कुणीतरी आहे. "दिवा तुमच्या फोनला ओळखतो, भावजी," त्यांनी नंतर सांगितलं. "तुम्ही जवळ आलात की लागतो." अजून रोज लागतो. मी अजून रोज वळणावर पाय उचलून चालतो.

त्यांच्या कपाटाच्या तळाला एक रुंद खण आहे. घरात येऊन गेलेले सगळे फोन त्यात झोपलेले असतात. दादा त्याला 'वृद्धाश्रम' म्हणतो, आणि वहिनी आतल्या मंडळींना 'पेन्शनर'. दर रविवारी सकाळी खण उघडतो. उघडताना तो असा किंचाळतो की जिन्यातलं मांजर दचकतं. मग पेन्शनरांना ओळीनं चार्जिंगला लावायचं, काचा पुसायच्या, चालू करून बघायचं आणि पुन्हा निजवायचं.

"भंगारवाल्याला देऊन टाक की," दादा दर रविवारी म्हणायचा.

"तुम्हाला दिलं का?" वहिनी दर रविवारी म्हणायच्या.

पेन्शनरांना एक कामही होतं. नवा प्रोग्रॅम आला की वहिनी तो आधी त्यांच्यातल्या एखाद्यावर घालून बघत. बिघडलं तर म्हाताऱ्याचं बिघडू दे. नीट चालला तरच स्वतःच्या फोनवर घ्यायचा. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, आणि पुढं जे झालं ते या नियमामुळंच निभावलं.

दादाचं यंत्रांशी नातं निराळं. तो शिलाई मशीन दुरुस्त करतो. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आणि मशीन दोन्ही एकदम आत आली तर दादाला बाहेर यावं लागतं. एका अंगाला चष्मेवाला, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. आलेलं मशीन दादा आधी उघडत नाही. पट्टा चढवतो, चाक फिरवतो आणि डोळे मिटतो. कापड नाही, दोरा नाही, नुसतं रिकामं मशीन धावत असतं. त्या टकटकीत कुठंतरी एक ठोका आडवा पडतो आणि दादा डोळे उघडतो. काय बिघडलंय ते त्याला तिथंच कळलेलं असतं. पेचकस नंतर. स्वतःच्या खिशात मात्र बटणांचा फोन. "आमच्या घरात एकाकडं अक्कल आहे," तो लोकांना सांगतो, "दोघांना पुरते."

असा माणूस बहिरा होऊ लागला.

कधी ते त्यालाही कळलं नाही. कान मुकाट्यानं जातात. आधी बारीकसारीक नेतात, किल्ल्यांची किणकिण, दुधाच्या कुकरची शिट्टी, आणि माणसाला वाटतं जगच जरा शांत झालंय, बरं झालं. टीव्ही मोठा झाला. मग दादा हसायला लागला. जे ऐकू आलं नाही त्या प्रत्येक वाक्यावर तो समजूतदारपणे हसायचा, आणि घरात सगळ्यांना वाटायचं वयानं माणूस किती निवळतो. एकदा वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा देऊ की विष?"

"चालेल," दादा हसून म्हणाला. "साखर कमी."

त्याच आठवड्यात त्या त्याला कानांच्या तज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या. दोन्ही कानांमागं बसतील अशी छोटी यंत्रं मिळाली, शेंगेतल्या दाण्याएवढी. ती फोनवरून जुळवता येत होती. दादाच्या फोनला बटणांखेरीज काही माहीत नसल्यामुळं त्याच्या कानांचा कारभार वहिनींच्या फोनवर आला. "लग्नानंतर इतक्या वर्षांनी ताबा मिळाला," वहिनी म्हणाल्या.

मग कित्येक संध्याकाळी जेवणाचं टेबल म्हणजे प्रयोगशाळा. पंखा पूर्ण वेगात, मिक्सर रिकामा फिरतोय, टीव्हीवर बातम्या ओरडताहेत, आणि दादासमोर मी.

"भावजी, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. खरं नसलं तरी चालेल."

मी छापखान्यातल्या भांडणाची हकीकत सुरू केली. वहिनींचं बोट फोनवर सरकत होतं.

"आता?"

"पंखा फार आहे," दादा म्हणाला.

"आता?"

"मिक्सर अजून आहे."

"आणि आता?"

दादा माझ्याकडं बघत राहिला. मिक्सर गरगरतच होता, पण त्याच्यापुरता तो कुठंतरी दूर गेला असावा. "तुझा आवाज बाबांसारखा झालाय," तो मला म्हणाला. "कधीपासून?"

मी उठून पाणी प्यायलो.

ते दिवस चांगले गेले. दूरच्या शहरात नोकरी करणारी पुतणी फोनवर "बाबा" म्हणाली की दादा लगेच "काय गं, सर्दी झालीय का?" विचारायचा. विनोदावर हसायचा, आणि फक्त विनोदावरच. वहिनींनी कंपनीच्या नव्या आवृत्तीसाठी, वापरून बघणाऱ्या लोकांत आपलं नाव आधीच घातलं होतं. ती आवृत्ती आली. आता हातानं काही जुळवायचं उरलंच नाही. आजूबाजूला काय चाललंय ते यंत्रच ओळखायचं. माणसाचं बोलणं असेल तर पुढं आणायचं, एकसुरी गोंगाट असेल तर मागं लोटायचं. फोनच्या पडद्यावर सगळी बटणं जाऊन एक हसरा चेहरा आला, आणि त्याच्याखाली ओळ: 'आम्ही सांभाळतो आहोत.' वहिनी खूश. मीही खूश. माझा भाऊ परत मिळाला होता, तक्रार कशाची करायची?

मग एका शनिवारी दुपारी पडदेवाल्यानं मला रस्त्यात अडवलं. हे दादाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. पडद्यांचं जाडजूड कापड शिवणारं त्याचं अवजड मशीन दादानंच आजवर जिवंत ठेवलं होतं.

"धाकटे, जरा थांबा. दादांची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. आता तर कानसुद्धा—"

"कानांचं मला सांगू नका. माझं मशीन दोरा तोडतंय. दुकानात नेलं, म्हणाले झालं. घरी आणलं, परत तेच. पुन्हा नेलं. चाक फिरवत बसले, बसले, आणि मला म्हणतात, दुसरीकडं दाखव. दुसरीकडं! मला! सोयरीक मोडल्यासारखं झालं हो." त्यानं श्वास घेतला. "तसाच निघून आलो मी. मशीन तिथंच टाकलं. आणि आता चष्मेवाला सांगतोय की दादा दुकान त्याला देऊन टाकताहेत. सोमवारी गवंडी येणार, मधली भिंत पाडणार. हे तरी खरं का?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. वहिनींनाही नसणार, कारण त्यांना माहीत असतं तर सगळ्या गल्लीला माहीत झालं असतं. मी तसाच इस्पितळाच्या तळघरात गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, गळ्यातली ओळखपट्टी काढली आणि चालू लागल्या. वाटेत एकदाच बोलल्या, "घरी तर सगळं ऐकू येतं त्यांना. काल भाजीत मीठ कमी आहे हे मी पुटपुटले, तेही ऐकलं."

दुकानात दादाची पाठ आमच्याकडं होती. समोर पडदेवाल्याचं मशीन. दादानं लांब पेचकसाचं टोक मशीनच्या अंगावर टेकवलं होतं आणि त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडावर घट्ट दाबून धरली होती. दुसऱ्या हातानं तो चाक फिरवत होता. मान वाकडी, डोळे मिटलेले, कपाळावर शिरा. बंद दाराला कान लावून उभ्या असलेल्या माणसासारखा तो दिसत होता. आम्ही आलेलं त्याला कळलं नाही.

कानातली यंत्रं बॉबिनांच्या पत्र्याच्या डबीत पडली होती.

वहिनींनी त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकला, पेचकस खाली पडला. वहिनींनी डबीकडं बोट केलं. दादानं मुकाट्यानं यंत्रं कानांवर चढवली.

"इथं काढून का ठेवता?"

"घरी घालतो ना."

"मी इथलं विचारतेय."

दादानं आधी माझ्याकडं बघितलं, मग बाहेर रस्त्याकडं. "घातली की मशीन मरतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चाक फिरवलं की पहिले दोनचार टाके ऐकू येतात. मग कुणीतरी त्याच्यावर पांघरूण टाकतं. मशीन समोर धावतंय, मला दिसतंय, आणि आवाज नाही. काढून ठेवली तर थोडं ऐकू येतं, पण मेलेल्या कानांनी किती ऐकणार?" त्यानं चाकावरून हात फिरवला. "तू एवढं केलंस. घरी सगळं स्पष्ट ऐकू येतं, म्हणजे यंत्र चांगलंच आहे. मग उरलं काय? माझेच कान. तेच कामाचे राहिले नाहीत. हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

"म्हणून दुकान देऊन टाकलंत?"

"न ऐकता दुरुस्त करायचं म्हणजे लोकांना फसवायचं."

वहिनी मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. रिकामी डबी त्यांनी हातात घेतली. दादानं आभाराच्या ओझ्याखाली तोंड मिटून घेतलं होतं, आणि त्या ओझ्याची एकेक वीट त्यांनी स्वतः प्रेमानं रचली होती. असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर चाललं होतं, किंवा मला तसं वाटलं. बोलल्या तेव्हा मात्र इस्पितळातल्या आवाजात बोलल्या.

"अहो, हाडं बघायची सेटिंग लावली की एक्स-रेत फुप्फुस नीट दिसत नाही. फुप्फुसाची लावली की हाड फिकट पडतं. माणूस तोच, हाड तेच. मी तुमच्या कानांना फक्त माणसं ऐकायची सेटिंग लावली. जेवणाच्या टेबलावर बसून लावली. एकसारखी टकटक म्हणजे गोंगाट, असं त्या प्रोग्रॅमला वाटतं. तुमचे कान गेले नाहीत. मी तुमची मशीनं पुसून टाकली."

दादाला हे पटलं नाही. माणूस एकदा स्वतःला मोडीत काढून बसला की त्याला तिथून उठवणं अवघड. "बघू," तो म्हणाला.

वहिनींनी फोन काढला. तिथं हसरा चेहरा होता. त्यांनी त्याला दाबलं, सरकवलं, आत काही दार आहे का शोधलं. चेहरा हसत राहिला. आम्ही सांभाळतो आहोत. तज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होत्या, पण नीट बोलल्या. दुकानासाठी दुसरा प्रोग्रॅम घालून देता येईल, म्हणाल्या, पण त्यासाठी कान समोर हवेत. गुरुवारी या.

"गुरुवारी," वहिनींनी दादाला सांगितलं. "चष्मेवाल्याला म्हणावं, गुरुवारपर्यंत थांब."

"शब्द दिलाय मी. काय सांगू त्याला? माझे कान परत येणार आहेत, वाट बघ? ऐकू आलं असतं तर गोष्ट वेगळी. ऐकू आल्याशिवाय मी शब्द मागं घेणार नाही."

त्या रात्री ते दोघं कसे झोपले ठाऊक नाही. मी माझ्या आपोआप लागलेल्या दिव्याखाली बसून होतो. दादाच्या हातात पेचकस नाही हे चित्र मला जुळवताच येईना.

सकाळी नेहमीसारखा वर दादाकडं गेलो. रविवार होता. गवंडी उद्याचा, पण पेन्शनरांना त्याचं काय? खण किंचाळला. वहिनी एकेकाला चार्जिंगला लावत होत्या, पण हात यंत्रासारखे चालले होते. तडकलेल्या काचेचा एक फोन चालू करून त्यांनी पुसला, आणि फडकं हातातच राहिलं.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "हा बघा."

त्या फोनवर कानांचा प्रोग्रॅम होता. जुना. नियमाप्रमाणं त्यांनी तो आधी पेन्शनरवर घालून बघितला होता आणि नंतर विसरून गेल्या होत्या. खणात पडलेला, इंटरनेट तेव्हाच तोडलेलं. जग पुढं गेलं आणि हा तिथंच राहिला. त्याच्यावर सगळी बटणं शाबूत होती.

मी आनंदानं माझा फोन काढला. "थांबा, याला इंटरनेट देतो."

"नको!" वहिनी अशा ओरडल्या की मी घाबरून पंखाच बंद केला. "इंटरनेट दिसलं की हा स्वतःला अपडेट करेल, आणि अपडेट झाला की गेला." त्यांनी आधी माझा फोन खिशात घालायला लावला, मग भिंतीवरच्या वायफायची वायर उपटली, मग विमानात बसल्यावर फोन करतात तसा त्या म्हाताऱ्याला गप्प केला. एवढ्या सगळ्या नव्याच्या मागं धावणारी ही बाई, आणि एका जुन्या फोनला नव्याची झळ लागू नये म्हणून तो पदराखालच्या दिव्यासारखा धरून दुकानाच्या वाटेवर आमच्यापुढं चालत होती. दादा मागून येत होता, "उगाच," असं अधूनमधून म्हणत.

फोनची बॅटरी वायर काढली की मान टाकायची. म्हणून दुकानात मशीनच्या दिव्याची पिन काढून तिथं त्याला जोडलं. वहिनींनी आपल्या फोनचा दादाच्या कानांशी असलेला संबंध तोडला आणि म्हाताऱ्याचा जोडला. तडकलेल्या काचेतून वाचायला त्यांना चष्मा वर-खाली करावा लागत होता. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं: संगीत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"गाणं ऐकताना यंत्रानं शहाणपणा करायचा नाही, म्हणून ठेवलंय. ढोलाचा ठोका गोंगाट समजून पुसला तर गाण्यात राहिलं काय?" त्यांनी ते लावलं. मग आणखी एकदोन गोष्टी बंद केल्या. "हं. फिरवा."

"अगं, पण मी गाणं कुठं ऐकतो?"

"चाक फिरवा हो."

दादानं पट्टा चढवला आणि चाक फिरवलं. डोळे मिटले. पहिले टाके पडले. मी ते पांघरूण कुठं पडतं त्याची वाट बघत होतो. पुढचे टाके पडले. आणखी पुढचे. वहिनी हातात तो तडकलेला फोन घेऊन, वायरीची लांबी जेवढी तेवढ्याच अंतरावर, हलता येत नसल्यासारख्या उभ्या होत्या. त्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, हाड उमटण्याची वाट बघत अशाच उभ्या राहत असतील.

"थांब," दादा म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. चाकाचा वेग कमी केला. परत वाढवला. परत कमी केला. मग डोळे उघडले.

"शटलच्या टोकाला ओरखडा आहे," तो म्हणाला. "दर फेरीला दोरा तिथं घासतोय. बारीक आहे. पण आहे."

तो वर बघायला लागला. "ही ट्यूबलाइट कधीपासून गुणगुणतेय?" मग भिंतीकडं वळला, उद्या जी पडणार होती तिच्याकडं. "पलीकडं घड्याळ आहे का त्याचं?"

"असेल," मी म्हणालो.

"लंगडतंय." मग वहिनींकडं. "आणि तू नाक का ओढतेस? सर्दी झालीय?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "सर्दीच."

सोमवारी मी छापखान्यात उशिरा जायचं ठरवलं. गवंडी पोतं आणि हातोडा घेऊन वेळेवर हजर होता. चष्मेवाला हातावर हात चोळत होता. दादा पायरीवर उभा.

"भिंत राहू दे," दादा म्हणाला.

"राहू दे म्हणजे? दादा, शब्द दिला होतात."

"दिला होता. ऐकू येत नव्हतं तेव्हा दिला होता."

"मी कपाटं सांगून ठेवली नवी! आणि या गवंड्याला काय सांगू?"

"त्याला चहा मी पाजतो. आणि आत ते घड्याळ आहे ना तुझं, त्याचा ठोका लंगडतोय. आण, बघून देतो."

चष्मेवाल्यानं आधी दादाच्या कानांकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा कानांकडं. "भिंतीतून ऐकलंत?"

"हो."

"मग भिंत राहू द्याच," तो म्हणाला. "जमलं तर जाड करून घेतो. आम्ही आत काय काय बोलतो." गवंडी हसला. चष्मेवाला दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन आला.

पडदेवाला मशीन न्यायला आला. शटल बदललेलं बघितलं, चाक एकदा फिरवलं, आणि त्यालाही काहीतरी ऐकू आल्यासारखी मान डोलावली. रुसवा तिथंच संपला.

गुरुवारी तज्ज्ञ बाईंनी दोन्ही प्रोग्रॅम रीतसर कानांतच घालून दिले. कानामागचं बटण एकदा दाबलं की घर, परत दाबलं की दुकान. "पुढच्या वेळी काही मेलं तर आधी मला सांगायचं," त्यांनी दादाला बजावलं. वहिनींनी कंपनीला सविस्तर लिहून कळवलं की मशीनचा आवाज हासुद्धा आवाज असतो आणि काही माणसांचं पोट त्यावर चालतं. 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' असं क्षणात उत्तर आलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. तरी त्यांनी वापरून बघणाऱ्यांतून नाव काढलं नाही. "कुणीतरी त्यांना सांगत राहायला हवं ना," म्हणतात. फक्त आता काहीही नवं जुळवायचं झालं की त्या जेवणाच्या टेबलावर बसत नाहीत. ज्याचं असेल त्याच्या कामाच्या जागी जातात. माझा फोन जुळवायला छापखान्यात आल्या होत्या.

दादा कुणाचे आभार मानत नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही. पण परवाच्या रविवारी मी वर बसलो होतो. दादा बटण दाबायला विसरून दुकानाचे कान घालून पेपर वाचत होता. वहिनींनी खण ओढला आणि दादा खुर्चीतून उडालाच.

"हे काय किंचाळलं?"

"खण. कित्येक वर्षं किंचाळतोय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगत होते मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही हसत होतात."

दादा उठला. पिशवीतून मशीनच्या तेलाची कुपी काढली. सगळ्या पेन्शनरांना पलंगावर ओळीनं ठेवलं, अख्खा खण बाहेर काढला, कपाटात डोकं घालून पट्ट्या पुसल्या, तेल सोडलं, खण बसवला, ओढला, ढकलला, कान देऊन ऐकलं, पुन्हा एक थेंब सोडला. मग एकेका फोनला उचलून आत निजवलं. तडकलेल्या काचेचा सर्वांत शेवटी, अगदी पुढं, उघडताच हाताला लागेल असा.

वहिनींनी खण उघडून बघितला. मिटून बघितला. काहीच आवाज आला नाही.

"आता उघडलेला कळायचाच नाही कुणाला," त्या कुरकुरल्या.

"मला कळेल," दादा म्हणाला.